गाडी पिकअप घेत नाही: तुमची काय भानगड निघाली?

मंडळी, गेल्या रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडीने रडवलं. आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, कधी तक्रार नाही, दिवाळीत सर्व्हिसिंग, सीट कव्हर, मॅट सगळं नवं केलंय, तरी दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, अडीच हजाराच्या वर जाईना आणि मागून उसाचा ट्रक हॉर्न मारतोय. इंजिनचा दिवा लागलेला नाही. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच क्लच प्लेट सांगितली, ११ हजार. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.

—

क्लच गेला की आरपीएम उलट वाढतो हो, गाडी वाढत नाही. माझी कसारा घाटात अशीच झालेली, इंजिन नुसतं बोंबलतंय, काटा चार हजारावर, गाडी चाळीसवर आणि वर जळका वास. मोकळ्या सपाट रस्त्यावर चाळीसला चौथा टाकून ॲक्सिलरेटर एकदम दाबून बघा, काटा उडाला आणि स्पीड तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय. दोष माझाच होता, चढावर सिग्नल लागला की हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय. आता हँडब्रेक ओढतो.

—

एअर फिल्टर बघितला का? आमच्या गावाकडे वर्षभर रस्त्याचं काम चालू होतं, फिल्टर काढून आपटला तर ताटभर माती. शिवाय खोक्यात शेंगदाण्याची टरफलं, उंदराने संसार मांडलेला! नवा फिल्टर तीनशेच्या आत आला. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका, एका शहाण्याने (मीच तो) धुतला होता.

—

डिझेलवाल्यांसाठी. माझी बीएस ६ गाडी, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, आणि रोजचा प्रवास कोथरूड ते डेक्कन, इंजिन धड तापायच्या आत ऑफिस येतं. या गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो, ती काजळी जळायला सलग मोकळं पळणं लागतं, ते न मिळाल्याने तो भरत गेला. दिवा लागला, मी आठवडाभर दुर्लक्ष केलं, मग गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिन जपायला तिने स्वतःच ताकद कमी केली, बैलगाडीच म्हणा. स्कॅनर लावून जबरदस्तीने साफ करावा लागला. आता महिन्यातून दोनदा लोणावळ्यापर्यंत एका दमात जाऊन येतो, बायको म्हणते गाडीच्या नावाखाली चिक्की आणायला जातोस.

—

डिझेलमध्ये अजून एक, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोचा पाइप चिरला तर शिट्टीसारखा आवाज, मागे काळा धूर आणि दम गायब.

—

माझी सीएनजी. गॅसवर थोडं पिकअप कमी असतंच, पण झटके देत मिसिंग मारायला लागली तेव्हा सगळे किटला शिव्या घालत होते. मी पेट्रोलवर टाकून बघितली, तिथे कमी पण झटके होतेच, म्हणजे गॅसचा दोष नाही. स्पार्क प्लग झिजलेले आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणारी एक कॉइल गेलेली. गॅसवर प्लगला जास्त सोसावं लागतं, त्यामुळे मी आता मुदतीआधीच बदलते.

—

इंजिन ठणठणीत पण ब्रेक धरलेला, असंही होतं. पावसाळ्यात कोकणात गाडी महिनाभर उभी होती, निघालो तर जडच जड, ॲव्हरेजही पडलं. थांबून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाला नुसती धग. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून चिकटल्या होत्या.

—

लडाखमधली खारदुंग ला खिंड, उंची ५,३५९ मीटर. हवाच निम्मी, गाडी काय करणार, मीही धापा टाकत होतो. खाली उतरलो, दोघंही बरे झालो.

—

धागाकर्ता परत आलोय. क्लचची टेस्ट केली, घसरत नाही. फिल्टर चकाचक, टरफलं नाहीत. चाकं गार. शेवटी बायको म्हणाली, इंजिन बंद करून ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाब, मी बघते. बघितलं तर दिवाळीतलं ते जाडजूड मॅट जुन्या मॅटवरच टाकलेलं, त्याची कड वर येऊन पेडलला अर्ध्यावरच टेकण देत होती. हसावं की रडावं कळेना, आणि दाबलेलं पेडल तिथेच अडकलं असतं तर, या विचाराने पोटात गोळा आला. दोन्ही मॅट काढली. काल मुद्दाम खंबाटकीला जाऊन आलो, तिसऱ्यात चढली. गॅरेजवाल्याचे दोन फोन येऊन गेलेत, प्लेट मागवून ठेवलीय म्हणतोय.