मदत हवी आहे: पावसातलं ऑफरोडिंग, सोबत सव्वाचार वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचं बाळ

अबोली२१

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या, ओरडू नका.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. नवऱ्याने तीन दारांची नवी थार घेतली आहे, हार्डटॉप, फोर बाय फोर. तो ग्रुपबरोबर जाऊन चिखलात लोळून येतो, त्याला माझी काही हरकत नाही. (गाडी धुण्याचा खर्च सोडून.) आता त्या ग्रुपने फॅमिली ड्राइव्ह काढला आहे. मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला एकाच्या नातेवाइकांची खासगी जमीन आहे. आधी माळ, मग एक चढ, मग चिखलाचा पट्टा आणि शेवटी ओढा ओलांडून पलीकडे जेवण. ऑगस्टचा पहिला शनिवार ठरलाय.

मुलीची कार सीट पुढे तोंड असलेली आहे, मुलाची मागे तोंड असलेली. दोन्ही आयसोफिक्सच्या (गाडीच्या सीटमधल्या हुकांत थेट अडकवायच्या). घोडबंदरच्या खड्ड्यांत दोघं ढाराढूर झोपतात, त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं, "याहून वेगळं काय असणार आहे?"

खरी अडचण पुढेच आहे. ग्रुपमधल्या एकाकडे जुनी थार आहे, कापडी छपराची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. बेत असा की सगळी चिल्लीपिल्ली त्या गाडीत मागे एकत्र बसवायची, सोबत एक मोठं माणूस. पोरांना मजा, आईबापांना मोकळीक. मी नको म्हटलं तर ग्रुपवर घाबरट ठरले. सासूबाई म्हणतात बाळाला मांडीवर घेतलं की धक्के लागत नाहीत.

बाळाला न्यावं का? त्या बाकांचं मी उगाच ताणतेय का? ओढ्याचं काय करायचं? आणि हे सगळं ग्रुपला कसं सांगू, की भांडण होणार नाही?

पाऊसवेडा

आम्ही लहानपणी जीपच्या मागच्या फळीवर लटकून अर्धा कोकण पालथा घातला. काही झालं नाही. एवढी काळजी करत बसलात तर पोरं घराबाहेर पडायचीच नाहीत.

बेलापूरची_बाय

पाऊसवेडा, ज्यांना काही झालं ते इथे प्रतिसाद लिहायला येत नाहीत हो.

अबोली, तू अजिबात घाबरट नाहीस. बाळाला त्या दिवशी माझ्याकडे ठेव म्हटलं असतं, पण शनिवारी सकाळी घोडबंदर ते बेलापूर हाच एक वेगळा ड्राइव्ह होईल.

लो_रेंज

मुलांना घेऊन ऑफरोडिंग करतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बाकं, कारण त्यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. मुलांची कार सीट गाडीच्या पुढे तोंड असलेल्या सीटवरच बसवायची असते. आडव्या बाकावर ती बसवताच येत नाही. तिथे पट्टा असलाच तर कमरेपुरता, आणि ब्रेक लागला की मूल कुशीवर झुकून शेजारच्यावर आदळतं. चढावर जीपने नाक वर केलं की बाकावरची सगळी पोरं घसरत मागच्या दाराशी जमा होतात. सोबतचं मोठं माणूस पकडेल म्हणता, पण त्या वेळी ते स्वतःच दोन्ही हातांनी पाइप धरून बसलेलं असतं. पाइप धरण्यावरून आठवलं, हाताला येईल तो बाहेरचा पाइप किंवा खिडकीची कड धरायची सवय मुलांनाच काय, मोठ्यांनाही लावू नका. गाडी कलंडली की पहिली बोटं जातात. धरायचं ते आतलं.

ग्रुपला सांगायला कायदा पुढे करा, त्याने कुणाचा अहंकार दुखावत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातलं कलम १९४ब आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. ठाणे ते मुरबाड हा साधा डांबरी रस्ताच आहे, तिथे हे लागू आहेच. म्हणजे निघतानाच मुलं आपापल्या गाडीत बसली पाहिजेत, आणि एकदा बसली की मग जागेवर पोहोचल्यावर बदलाबदली कशाला?

मांडीचं म्हणाल तर धक्के कमी लागतात हे खरं वाटतं, गाडी सरळ असेपर्यंत. गाडी आपटली की दहा किलोचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही, आणि धरणारं माणूस पुढे गेलं तर मूल त्याच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. सासूबाईंना मुद्दाम मागे बसायला सांगूही नका, कारण तुमच्या मागच्या दोन्ही सीट मुलांनी अडलेल्या आहेत. जागाच नाही म्हणा, विषय संपतो.

आता तुमची गाडी. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटवून सुरक्षिततेचे तारे देणारी संस्था) मोठ्यांसाठी आणि लहानांसाठी दोन्हीकडे चार तारे दिले होते. पण तो निकाल मूल योग्य सीटमध्ये योग्य तऱ्हेने बांधलेलं असतानाचा. तीन दारांच्या गाडीत खरी मेख वेगळी आहे: मागच्या सीटला स्वतःचं दार नाही. पुढची सीट दुमडल्याशिवाय बाळापर्यंत हात पोहोचत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा सराव करा. दोघांना बांधा, तुम्ही दोघं पुढे बसा आणि 'उतरा' म्हटल्यावर मुलं बाहेर यायला किती वेळ लागतो ते बघा. मग तेच फक्त एका बाजूचं दार उघडतंय असं धरून करा. पट्टा कापायचा कटर पुढे हाताशी ठेवा, डिकीत टूलबॉक्समध्ये ठेवून काही उपयोग नाही.

सीट बसवल्यावर ती पट्टा किंवा हुक जिथून जातो तिथे धरून हलवा. इंचभराहून जास्त सरकत असेल तर नीट बसलेली नाही. खाली टेकणारा पाय असेल तर तो रबरी मॅटवर नको, थेट गाडीच्या तळावर. मुलीच्या सीटला मागे हुकणारा वरचा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे, बरेच जण तो तसाच लोंबता ठेवतात. पट्टे मागे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा जरा खालून येतात, पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याला किंवा जरा वरून. आणि रेनकोट, जाड जॅकेट काढून मगच बांधायचं. कापडाच्या फुगवट्यामुळे पट्टा घट्ट वाटतो, असतो सैल.

डिकीतलं सगळं बांधा. जॅक, शॅकल (दोर जोडायची लोखंडी कडी), पाण्याचा कॅन, कुणीतरी हमखास आणलेली लोखंडी शेगडी. तीन दारांच्या थारमध्ये हे सगळं मुलांच्या डोक्यामागे येतं.

अबोली२१

बाप रे, इतकं कुणी आजवर सांगितलं नव्हतं. धन्यवाद! कलम १९४ब आत्ताच ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, बाकी शांतता.

बाळाला हेल्मेट घालावं का? ग्रुपमधल्या एकीने सुचवलंय. आणि खड्डे विरुद्ध ऑफरोड हा नवऱ्याचा मुद्दा कुणी खोडून काढेल का, मला जमत नाहीये.

नर्सताई

लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. हेल्मेट नको. कार सीटमध्ये हेल्मेट घातलं की मागचा फुगा डोकं पुढे ढकलतो, आणि मानेवर वजन वाढतं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने आधीच मोठं आणि जड असतं, मान कोवळी. म्हणून तर मागे तोंड असलेली सीट, त्यात झटका पाठीवर पसरतो. युरोपातल्या नव्या नियमात पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे आणि त्यानंतरही सीटमध्ये मावेल तोवर तसंच ठेवणं बरं. चौदा महिन्यांच्याला 'आता मोठा झाला' म्हणून या सहलीसाठी पुढे फिरवू नका.

वर्षाच्या आतलं बाळ असतं तर मी सरळ घरी ठेवा म्हटलं असतं. तुमचा चालतोय, मान धरतोय, वजन नीट आहे, तर सपाट माळापर्यंत ठीक. चढ आणि चिखल त्याच्यासाठी नकोच, असं माझं मत. वेळेआधी जन्मलेला असेल किंवा काही त्रास असेल तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. सीटमध्ये झोपला आणि हनुवटी छातीला टेकली तर गाडी थांबवून डोकं नीट करा, आणि प्रत्येक थांब्याला बाहेर काढून मोकळं करा.

मुलीला उलटी होईल हे धरून चाला. पोट अगदी रिकामं नको, तुडुंब नको. मोबाइल हातात अजिबात नको, लांबचं बघायला सांगा. उलटीचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

जमिनीवर खेळताना पायात बंद बूट, आणि दगड-गवताच्या गंजीत हात घालायचा नाही. ठाणे जिल्ह्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही आहेत. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, मुलाला उचलून स्थिर ठेवा आणि थेट सरकारी रुग्णालयात. १०८ ला फोन लागला तर उत्तम. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का हे निघण्याआधी विचारून ठेवायला लाजू नका.

लो_रेंज

नर्सताईंना पूर्ण अनुमोदन.

नवऱ्याच्या मुद्द्याला उत्तर: खड्ड्यात गाडी वरखाली होते, ऑफरोडला ती आडवी डुलते. एका बाजूचं चाक खड्ड्यात आणि दुसऱ्या बाजूचं दगडावर, की डोकं खिडकीच्या खांबाकडे जातं. म्हणून वेग माणूस चालतो तेवढा, लो रेंज (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर), त्यातही पहिला गिअर. टायरमधली हवा थोडी उतरवली की धक्के खूप मऊ होतात, पण डांबरावर येण्याआधी परत भरायची, म्हणजे कॉम्प्रेसर सोबत हवा. उतार सरळ चढायचा आणि सरळच उतरायचा. चढ निम्म्यात सुटला तर वळवायचं नाही, रिव्हर्समध्ये आलो तसं मागे. मुलं असलेली गाडी ताफ्यात मध्ये ठेवा. अवघड पट्ट्याला मुलं उतरवा, एकाने पोरं सांभाळा, दुसऱ्याने गाडी काढा. नवऱ्याची हौसही फिटते.

मला स्वतःला चालत्या गाडीपेक्षा थांबलेल्या गाड्यांची भीती जास्त वाटते. सगळे उतरलेले, कुणी फोटो काढतंय, कुणी रिव्हर्स घेतंय, आणि चार वर्षांचं पोर टायरशेजारी बेडूक बघत उकिडवं बसलंय. थारच्या मागच्या काचेतून ते दिसतच नाही. त्यामुळे एक माणूस फक्त मुलांसाठी ठरवा, आळीपाळीने, आणि त्याने 'सगळी आहेत' म्हटल्याशिवाय कुणीही स्टार्टर मारायचा नाही. गाडी फसली की मुलं त्या गाडीतून आधी बाहेर. दोर किंवा विंच (गाडीला लावलेलं दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) ताणली असेल तेव्हा दोराच्या रेषेत कुणी नाही, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत तर नाहीच. दोर किंवा हुक तुटला की तो गोफणीसारखा येतो. पाऊस कोसळत असेल तर मुलांना लांब उभ्या दुसऱ्या गाडीत बसवा, दोर लावलेल्या गाडीत नाही.

आणि चिखलात फसून सायलेन्सर बुडाला असेल तर एसी चालू ठेवून मुलांना आत बसवू नका. धूर आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

मुरबाडकर

आमच्याच भागात येताय म्हणून लिहितो. ओढ्याबद्दल कुणी बोललं नाही अजून.

आमच्याकडे ऊन पडलेलं असतं आणि वर माळशेजच्या डोंगरात कोसळत असतो. मग ओढ्याला पाणी न सांगता येतं. आधी गढूळ होतं, काडीकचरा वाहायला लागतो, आवाज बदलतो. यातलं एक जरी दिसलं तरी मुलांना घेऊन वर व्हायचं, डबे तिथेच राहिले तरी चालतील. लोणावळ्याला ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यात मुलं होती. उभे होते तिथेच पाणी वाढलं.

शहरातले पाहुणे सांगतात, थारची पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर आहे. असेल. तो आकडा इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून आहे, वाहत्या पाण्याने गाडी ढकलू नये म्हणून नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी सरकवतं, दोन फूट पाणी मोठी गाडीही नेतं. ६५० म्हणजे दोन फुटांच्या वरच की. मोठ्या माणसाने काठी घेऊन पाण्यातून चालून बघावं, आणि ज्या पाण्यात चालवत नाही त्यात गाडी घालू नये. मुलं गाडीत असताना तर मी गुडघाभर वाहतं पाणीही पार करणार नाही. आणि ओलांडून पलीकडे जेवायला बसलात, मागून पाणी वाढलं, तर संध्याकाळी परत कसे येणार? जेवण अलीकडे ठेवा.

अवांतर: तेव्हा लावणी नुकतीच झालेली असते. खासगी जागेची परवानगी आहे हे चांगलं, पण शेजारचे बांध फोडू नका. मागच्या वर्षी ट्रॅक्टरवाल्यांनाच चार गाड्या ओढून काढाव्या लागल्या, आणि एका खाचराची वाट लागली ती वेगळी.

पाऊसवेडा

ओढ्याचं पटलं. बाकांचंही पटलं, थोडं उशिरा.

अबोली२१

ग्रुपवर हे सांगितलं: मुलं आपापल्या गाडीत, आपापल्या सीटमध्ये. जेवण ओढ्याच्या अलीकडे. मुलांवर लक्ष ठेवायची पाळी. चढ आणि चिखलाला मुलं खाली. जुन्या थारवाल्यांनी आधी तोंड पाडलं, मग त्यांच्याच बायकोने 'आमचा पण तुमच्यासारखाच बांधून येईल' म्हणून टाकलं आणि विषय मिटला. त्यांच्या मुलाची कार सीट त्यांच्या दुसऱ्या गाडीत बसते, ते ती आणणार आहेत. बाळाला माळापर्यंतच नेणार, पुढे मी त्याला घेऊन शेडमध्ये बसेन. डॉक्टरांना उद्या विचारते.

पार्किंगमधला सराव आज केला. बाळाची सीट लावली की पुढची सीट इतकी पुढे येते, की माझे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. हे चालेल का?

लो_रेंज

नाही चालणार. तुमच्या समोर एअरबॅग आहे, इतकं जवळ बसायचं नाही. दोन्ही सीटची अदलाबदल करून बघा, बाळाची सीट ज्याचे पाय आखूड त्याच्या मागे. दोघांपैकी उंच कोण?

अबोली२१

मी. नवरा पाच फूट चार. म्हणजे बाळ ड्रायव्हरच्या मागे. उद्या बदलून बघते आणि स्टिअरिंगपासून त्याची छाती किती लांब राहते ते मोजून इथे टाकते.