मदत हवी आहे : नक्षल चळवळ सोडून आलेल्या ताईंचे आत्मकथन, त्यातील एक हत्या आणि त्याच गावातील पुढचे काम

नमस्कार,

दक्षिण गडचिरोलीतील एक ताई अनेक वर्षे नक्षलवादी चळवळीत काढून काही काळापूर्वी आत्मसमर्पण करून बाहेर आल्या. त्या आता आपली हकीकत लिहीत आहेत. मी शिक्षक आहे, आणि त्यांच्या वह्या टंकित करणे व त्यांच्यासोबत बसून मजकूर तपासणे हे काम माझ्याकडे आहे. त्यांच्या परवानगीने आणि त्यांची ओळख पटेल असे काहीही न सांगता हा धागा काढत आहे. एका प्रकरणापाशी आम्ही अडलो आहोत. फौजदारी कायदा, ग्रंथसंपादन किंवा हिंसाग्रस्त भागातील सामाजिक काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांचा सल्ला हवा आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ताई शाळकरी वयात चेतना नाट्य मंचाच्या, म्हणजे चळवळीच्या नाचगाण्याच्या पथकातून आत गेल्या. लिहायला-वाचायला त्या दलममध्येच, म्हणजे चळवळीच्या सशस्त्र तुकडीतच शिकल्या. आपण का गेलो हे त्यांनी फार नेमकेपणाने लिहिले आहे : जंगलात सरपण आणायला गेलेल्या बायकांची अडवणूक, तेंदूपत्त्याच्या पुड्यांच्या मोजणीत होणारी फसवणूक, आणि हे सगळे निमूटपणे पाहणारे घरातले मोठे लोक. १९८० मध्ये पीपल्स वॉर या नक्षलवादी संघटनेची पहिली दलमे गोदावरी ओलांडून सिरोंचा भागात आली, तेव्हा तेंदूपत्त्याच्या मजुरीचा प्रश्न त्यांनीच प्रथम लावून धरला होता, ही आठवण त्या भागातील वयस्कर माणसे आजही सांगतात. ती वगळली तर पुस्तक खोटे ठरेल, असे ताईंचे म्हणणे आहे आणि मला ते पटते. पण त्याच चळवळीने पुढे गावातल्याच माणसांना ‘खबरी’ ठरवून मारले, शाळा बंद पाडल्या, रस्ते होऊ दिले नाहीत आणि पोरींना घरी परतायची वाट ठेवली नाही, हेही त्यांना तितक्याच स्पष्टपणे लिहायचे आहे.

अडचण आहे ती एका हत्येची. एका गावात जन अदालत, म्हणजे चळवळीने गावात भरवलेले ‘न्यायालय’ भरले, एका शेतकऱ्यावर पोलिसांना बातमी दिल्याचा आरोप ठेवला गेला आणि त्याला मारण्यात आले. ताईंनी गोळी झाडली नाही. गावाच्या कडेला त्या पहाऱ्यावर उभ्या होत्या. एरवी त्यांचे लिखाण सरळ, स्वतःविषयीचे असते : मी भात शिजवला, मी रात्री संत्रीची (पहाऱ्याची) पाळी केली, मी कमांडरशी भांडले. या प्रकरणात मात्र ‘मी’ नाहीसा होतो. ‘निर्णय झाला’, ‘त्याला नेण्यात आले’, ‘सकाळी आम्ही निघालो.’ मी हे त्यांना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ वहीकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, “हे पान मला पुन्हा लिहायचं आहे, पण त्याच्या बायकोनं ते पुस्तकात वाचावं आणि मग मी तिच्या गावात ग्रामसभेला जावं, हे बरोबर नाही.”

हा प्रश्न त्यांच्यासाठी कल्पनेतला नाही. त्या भागातील काही ग्रामसभांसोबत त्यांना सामूहिक वनहक्काचे आणि मुलींच्या शाळेचे काम करायचे आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकला. बंदुकीने जे मागितले ते याहून कमी होते, असे ताई म्हणतात. त्यांच्या साऱ्या लेखनाचा गाभा मला याच वाक्यात दिसतो. पण ज्या गावांत त्यांना जायचे आहे, त्यांपैकी एका गावात त्या शेतकऱ्याची पत्नी राहते आणि मुलगा ग्रामसभेच्या कामात पुढे असतो.

माझे प्रश्न असे. आत्मसमर्पणानंतर सर्व गुन्हे आपोआप संपतात का, आणि नसतील तर पुस्तकात लिहिलेला मजकूर न्यायालयात त्यांच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो का? अजून आत असलेल्या किंवा खटल्यांना सामोरे जाणाऱ्या माणसांविषयी कितपत लिहावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या कुटुंबाला छपाईआधी सांगणे हे ताईंचे कर्तव्य आहे असे मी मानतो, पण ते कोणी, कसे आणि कोणत्या टप्प्यावर सांगावे?

एका प्रकाशकाने मजकूर पाहून ‘विषय नाजूक आहे’ एवढेच कळवले. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या तुरुंगातील आठवणींच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य शासनाचा पुरस्कार डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाला, हे सगळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या एका ठिकाणाहून अशी सूचना आली की सामील होण्यामागची कारणे गाळून फक्त पश्चात्ताप ठेवावा. ते ताईंना मान्य नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. अशा बाहेर आलेल्या अनेकांकडे सांगण्यासारखे बरेच असेल, आणि ते फक्त जबाबाच्या कागदावर उरू नये असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद

मी फौजदारी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूपुरते लिहितो. प्रत्यक्ष कागद पाहिल्याशिवाय हे अंतिम मत समजू नये.

आत्मसमर्पणाने गुन्हे आपोआप संपत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसारही गंभीर गुन्ह्यांचे खटले न्यायालयात चालू राहू शकतात. त्यामुळे ताईंच्या नावावर कोणते गुन्हे नोंद आहेत, कोणते मागे घेतले गेले आणि कोणते प्रलंबित आहेत, याची लेखी माहिती वकिलामार्फत आधी मिळवा. खुनासारख्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नसते, म्हणजे घटना कितीही जुनी असली तरी धोका उरतो. “मी गोळी झाडली नाही” या वाक्यावरही विसंबू नका. त्या काळातील घटनेला जुनी दंडसंहिता लागू होते, आणि तिच्या कलम १४९ नुसार बेकायदा जमावातील प्रत्येक सदस्य समान उद्देशाने झालेल्या कृत्याला जबाबदार धरला जाऊ शकतो. पहाऱ्यावर उभे राहणेही त्यात येऊ शकते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, परंतु स्वतःहून छापलेल्या पुस्तकाला ते संरक्षण नाही. संविधानाचे कलम २०(३) सक्तीने घेतलेल्या साक्षीविरुद्ध आहे, स्वेच्छेने केलेल्या लेखनाविरुद्ध नाही. म्हणून वकिलाने वाचेपर्यंत हे प्रकरण कोणालाही ईमेलने पाठवू नका. ध्वनिमुद्रणे असतील तर त्यांचाही विचार करा. अमेरिकेतील बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षातील माजी लढवय्यांना त्यांच्या मृत्यूपर्यंत गुप्ततेचे वचन देऊन मुलाखती घेतल्या गेल्या होत्या. २०११ पासून उत्तर आयर्लंडच्या पोलिसांसाठी अमेरिकी न्यायालयांमार्फत त्या मागवल्या गेल्या आणि काही मुद्रणे द्यावी लागली. संशोधकाचे वचन तिथे पुरेसे ठरले नाही.

आणखी एक मुद्दा आपल्या ध्यानात नसावा. मृत व्यक्तीविषयी तिच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या उद्देशाने केलेले आरोपही बदनामी ठरू शकतात. ‘तो खबरी होता’ असे निवेदनात कोठेही येऊ देऊ नका. ‘त्याच्यावर तसा आरोप ठेवला गेला’ असेच लिहा. माझ्या मते हे कायद्यापेक्षा न्यायाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्या माणसाला बाजू मांडायची संधी जन अदालतीत मिळाली नाही, ती पुस्तकातही नाकारली जाऊ नये.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे ग्रामसभांसोबत काम केले आहे. कुटुंबापर्यंत ताईंनी स्वतः अचानक जाऊ नये. दार उघडल्यावर समोर कोण उभे आहे हे कळले, तर त्या पत्नीला नकार देण्याची मोकळीक राहत नाही. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली एखादी गावातील बाई आधी जाऊन फक्त एवढे विचारू शकेल की त्यांना या विषयावर काही ऐकायचे आहे का. पोलिस किंवा पत्रकार सोबत नकोत, छायाचित्र तर मुळीच नको. इंग्लंडमधील ब्रायटन येथे १९८४ मध्ये बॉम्ब ठेवणारे पॅट्रिक मॅगी यांची भेट नोव्हेंबर २००० मध्ये त्या स्फोटात मारल्या गेलेल्या खासदाराच्या ‘जो बेरी’ नावाच्या मुलीशी झाली, तीही तिच्या इच्छेने. आणि पुढे दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र बोलण्याचे काम केले तरी तिने क्षमा केली असे म्हणण्याचा अट्टहास कोणी धरला नाही. आपल्याकडेही माफी मिळावी या अपेक्षेने जाऊ नये.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल ताईंना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. ‘खबरी’ या आरोपाविषयीचा मुद्दा ऐकून त्यांनी ते पान माझ्याकडून परत घेतले. ध्वनिमुद्रण आम्ही केलेले नाही, आणि आता करणारही नाही. गुन्ह्यांची लेखी स्थिती मिळेपर्यंत ते प्रकरण वहीतच राहील. तोपर्यंत सामील होण्याची कारणे, दलममधील मुलींचे जगणे आणि बाहेर आल्यानंतरचे दिवस एवढा भाग पुढे नेऊ.

कुटुंबाच्या बाबतीत ताईंचे म्हणणे असे आहे की त्या पत्नीने ऐकायला नकार दिला, तर ते प्रकरण ती पत्नी हयात असेपर्यंत छापायचे नाही आणि त्या गावातील काम दुसऱ्या कोणाकडे द्यायचे. मला ते प्रकरण पुस्तकात हवे आहे, हे मी लपवत नाही. तरीही हा निर्णय त्यांचाच आहे आणि मी तो मान्य केला आहे.

आता दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. गडचिरोली किंवा चंद्रपूर येथे अशा प्रकरणांचा अनुभव असलेल्या आणि प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या वकिलाकडे पोहोचण्याचा मार्ग कोणी सुचवू शकेल का? आणि माडिया समजणारी, शक्यतो स्त्री, संपादक कोणाला माहीत आहे का? वह्यांमधील संवाद माडियात आहेत, माझे त्या भाषेचे ज्ञान अपुरे आहे, आणि त्या रात्री गावकरी काय बोलत होते ते मी चुकीचे उतरवू नये. नावे येथे जाहीर न लिहिता कृपया व्यक्तिगत निरोपाने कळवावीत.