वडिलांच्या आजारपणासाठी रजा मागितली, तर राजीनाम्याचा कागद पुढे केला

सिंहगडरोडकर:

नमस्कार. पुण्यात एका खासगी मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात मी बिलिंगला आहे. अकरा वर्षं झाली. ऑफिसात साठेक माणसं आहेत.

फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नाकातून नळी आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पातळ पेज द्यायची, देताना डोकं उंच ठेवायचं आणि नंतरही अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. आई एकाहत्तरची आहे, तिच्या गुडघ्यांत दम नाही. बायको शाळेत शिकवते, ती सकाळी साडेसहालाच बाहेर पडते. रुग्णसेवेच्या ब्युरोतल्या मावशी सकाळी आठला येतात, पण महिन्यात चार-पाच दिवस त्यांचा ऐनवेळी निरोप येतो, 'आज जमणार नाही.' अशाच एका दिवशी मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी येऊन पाहतो तर बाबांच्या माकडहाडावर रुपयाएवढी लाली आली होती. चार दिवसांत तिथली कातडी गेली. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, आता एकही पाळी चुकवू नका.

म्हणून तीन आठवडे रजा मागितली. एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की तुमच्या सीएल (किरकोळ रजा) संपल्या, आईवडिलांसाठी रजा असा काही नियम नाही. मग टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' तारखेची जागा तेवढी मोकळी होती. सोमवारी सांगतो म्हणून उठलो, कागद बॅगेत घेऊन आलो.

आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्या नोकरदाराला कायद्यात खरंच काहीच नाही का? आणि सही केली नाही तर ते काय करू शकतात?

पगारपत्रक:

दादा, सर्वांत आधी, त्या कागदावर सही करू नका. मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांचे पगार काढतोय, अशा कागदांनी घरी बसलेली माणसं पाहिली आहेत. कामावरून काढायचं तर कंपनीला कारण सांगावं लागतं, नोटीस द्यावी लागते, आणि ते कारण तुम्हाला तपासून घेता येतं. तुम्ही स्वतः लिहून दिलंत की हे सगळं तिथंच मिटतं. सही दबावाखाली घेतली हे नंतर सिद्ध करणं फार जड जातं.

आता रजेचं. आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी वेगळी रजा खासगी नोकरीत नाही, इतकं मॅडमचं बरोबर आहे. पण 'तुमच्या रजा संपल्या' यावर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा तुमच्यासारख्या साठेक माणसांच्या ऑफिसांना लागू आहे आणि बिलिंगचं काम कारकुनी धरलं जातं, म्हणजे तुम्ही त्यात येता. त्याचं कलम १८ वाचा. वर्षाला ८ सीएल, त्या वर्षाअखेर बुडतात. त्याशिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, आणि ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. अकरा वर्षांत तुमची बरीच साठलेली असणार. तिचा हिशेब लेखी मागा.

अर्ज मेलवर करा, तोंडी नको. बाबांचं डिस्चार्ज कार्ड जोडा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा. राजीनाम्याचा कागद दिला गेला आणि मी तो देऊ इच्छित नाही, हेही त्याच मेलमध्ये एका वाक्यात लिहा. मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा.

आणखी एक. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसीत (कर्मचाऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात) अवलंबून असलेल्या आईवडिलांचा उपचार होतो. पण तिथला आजारपणाचा भत्ता तुमच्या स्वतःच्या आजारपणासाठी असतो. बाबांसाठी रजा हवी म्हणून स्वतःच्या नावावर खोटं सर्टिफिकेट काढायला कोणी सांगेल, तसं अजिबात करू नका. कंपनीला तेवढंच निमित्त पुरतं.

आभाची आई:

माझी लेक सतरा वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, म्हणून मला जे मिळालं ते तुम्हाला मिळत नाही याचं वाईट वाटतं. आम्हाला पूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे आणि मूल दिव्यांग असेल तर वयाची अट नाही. २०१८ पासून एकट्यानं मूल वाढवणाऱ्या वडिलांनाही ती मिळते. पण ती मुलांसाठी आहे, आईवडिलांसाठी नाही. २०१८ च्याच आदेशानुसार घरात अवलंबून असलेली दिव्यांग व्यक्ती असेल, आईवडीलसुद्धा, तर काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मिळू शकते. माझी बदली त्यामुळेच थांबली.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शालिनी धर्माणी यांचं प्रकरण आलं. हिमाचलच्या सरकारी कॉलेजात शिकवणाऱ्या त्या बाई, मुलाला जन्मजात आजार, रजा संपलेल्या, आणि राज्यानं ती बालसंगोपन रजा स्वीकारलेलीच नव्हती. न्यायालय म्हणालं, बाईनं नोकरीत टिकणं हा तिचा घटनात्मक हक्क आहे, दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं त्याच्या आड येतं. तुमची केस सरकारी नाही, तरी मी हे प्रकरण लोकांना सांगत असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'काळजीवाहक' या शब्दाची व्याख्या आहे, विनामोबदला सेवा करणारे घरचेही त्यात येतात. एवढं लिहूनही खासगी नोकरीतल्या काळजीवाहकाला एक दिवसाची रजा त्यात दिलेली नाही. हे मला मनापासून खटकतं.

तोवर बाबांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा. तपासणीसाठी माणूस न्यावा लागतो, तुमच्याकडे स्ट्रेचर लागेल, म्हणून आधी विचारून जा. जुन्या करप्रणालीत असाल तर त्यावर प्राप्तिकरात ७५,००० ची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

लेस्टरवासी:

इकडे ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून खासगी नोकरीतही अशी रजा आहे. अवलंबून असलेल्या माणसाला दीर्घकाळ सेवेची गरज असेल तर वर्षाला एक आठवडा, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. ती मागितली म्हणून कामावरून काढता येत नाही. पगार मात्र मिळत नाही. सासूबाईंसाठी मी ती अर्धा-अर्धा दिवस करून घेतली, ती सगळी दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली. सलग घ्यावी लागत नाही, हे मला सर्वांत उपयोगी पडलं. तुमच्या कंपनीला कायदा नसला तरी अर्ध्या दिवसांची मागणी लेखी करून बघा, तीन आठवडे एकदम देण्यापेक्षा साहेबांना ते सोपं वाटू शकतं.

सिंहगडरोडकर:

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय.

'पगारपत्रक' यांनी सांगितलं तसाच मेल केला. हिशेब मागितल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, माझ्या खात्यात ३४ दिवस भरपगारी रजा शिल्लक आहे. अकरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्यातले १२ दिवस सलग मंजूर झाले. पुढचे अर्धा-अर्धा दिवस मागितलेत, त्यावर साहेब 'बघू' म्हणालेत. घरून काम करू का विचारलं, त्याला उत्तर नाही. राजीनाम्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मॅडम आता केबिनच्या दारातूनच बोलतात.

बाबांच्या जखमेच्या कडा आत येत आहेत. सिस्टरांनी काल फोटो काढून आधीच्या फोटोशेजारी धरून दाखवला. परवा बाबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्या वेळी मला ऑफिसात जायची घाई नव्हती.

एक विचारायचं राहिलं. सिंहगड रोडच्या बाजूला रविवारीसुद्धा येतील अशा, नळी असलेल्या पेशंटची सवय असलेल्या मावशी कोणाच्या माहितीत असतील, तर मला निरोप टाका.