अंबाझरीखालचा पूर: आधी तलाव उतरवायचा की आधी नाग नदी मोकळी करायची?

जलरेषा
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभरेक मिमी पाऊस पडला. शहराच्या पश्चिमेचा अंबाझरी तलाव सांडव्यावरून (जास्तीचं पाणी जायच्या वाटेवरून) ओसंडला, ते पाणी खालच्या नाग नदीत आलं आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून मोरभवन बस स्थानकापर्यंत शिरलं. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे 'मुसळधार', 'अतिमुसळधार'सुद्धा नाही. शहर बुडालं ते एवढा पाऊस काही तासांतच कोसळला म्हणून, आणि सप्टेंबरात तलाव आधीच काठोकाठ असतो म्हणून.

माझं मत स्पष्ट आहे. ऑगस्टअखेरपासून अंबाझरीची पातळी सांडव्याच्या माथ्यापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवायचा नियम करा. शहराचं पिण्याचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येतं, त्यामुळे टंचाईचा प्रश्न नाही. तलावाच्या प्रत्येक हेक्टरमागे ५,००० घनमीटर जागा मिळते. नदीच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

पुलिया_आधी
हिशोब अर्धाच मांडलात. एक हेक्टर पाणलोटावर (जिथलं पाणी तलावात येतं त्या जमिनीवर) १०० मिमी पाऊस पडला आणि त्यातलं ६० टक्के वाहून आलं, तर ६०० घनमीटर होतात. म्हणजे तलावाचा एक हेक्टर अर्धा मीटर उतरवला की जेमतेम आठ हेक्टरांचं पाणी मावतं. पाणलोट तलावाच्या आठपटीहून मोठा असेल तर जागा पाऊस संपण्याआधीच भरते, आणि नेमका जोराचा भाग सांडव्यावरून जातो.

शिवाय धरणाच्या खालचं शहर स्वतःचं पाणी थेट नागमध्ये सोडतं. ते तलाव कसा अडवणार? खरी अडचण नदीतच आहे. जिथे चार-पाच पाइप टाकून पुलिया केली आहे तिथे एक ओंडका, एक गादी अडकली की पाइप बंद आणि पाणी रस्त्यावर. पुलाखालून आडव्या गेलेल्या पाण्याच्या, गडरच्या (सांडपाण्याच्या) लाइनीही असाच कचरा धरतात. त्या काढा, मधे खांब नसलेला एकच मोठा चौकोनी काँक्रीटचा मार्ग, म्हणजे बॉक्स कल्व्हर्ट टाका. गाळाचंही तसंच. चार फूट खोल प्रवाहाच्या पात्रात फूटभर गाळ साचला तर पाणी वाहून नेण्याची क्षमता चौथाई नाही, ३८ टक्के घटते, कारण ती खोलीच्या ५/३ घातात बदलते. तोच गाळ पोकलेनने उपसून काठावर टाकतात आणि पहिल्या मोठ्या सरीत तो परत पात्रात येतो. उपसलेला गाळ त्याच दिवशी टिप्परमध्ये गेलाच पाहिजे.

मातीधरण
दोघांनीही धरणाचा विचार केलेला नाही. अंबाझरी हे एकोणिसाव्या शतकातलं मातीचं धरण आहे. पाणी झपाट्याने उतरवलं तर पाण्याकडच्या उतारातली माती ओलीच राहते, तिला आतून दाब असतो, बाहेरून आधार नसतो आणि उतार घसरतो. त्यामुळे पावसाचा इशारा आला की घाईत तलाव उतरवू, असं कुणी म्हणत असेल तर ते धोक्याचं आहे. दिवसाला साधारण फूटभर, त्याहून जास्त नाही. आणि भिंतीवरची झाडं आधी बघा, मुळांच्या वाटेने पाझर सुरू होतो.

जलरेषा
@मातीधरण, म्हणूनच मी हंगामी पातळी म्हणतोय, रात्रीतून उतरवणं नव्हे. धरण न फोडता सायफनने, म्हणजे बांधावरून पलीकडे पाणी ओढणाऱ्या पाइपने, हे होतं. ३०० मिमी पाइपमधून ३ मीटर प्रतिसेकंद वेगाने दिवसाला सुमारे १८,००० घनमीटर पाणी जातं. नियंत्रणाला व्हॉल्व्ह आणि खालच्या तोंडाशी दगडी पिचिंग (दगडांचा थर) हवं, नाहीतर बांधाचा पायथाच खणला जाईल.

@पुलिया_आधी, आठपटीचा हिशोब पटतो, निष्कर्ष पटत नाही. जागा पूर थांबवत नसेल, पण सांडव्यावरून पाणी सुरू होण्याची वेळ पुढे ढकलते आणि पहाटेच्या अंधारात तेवढा वेळसुद्धा माणसांना वर चढायला पुरतो.

वीज_आणि_इशारा
वेळ मिळाला तरी तो घरापर्यंत पोहोचतो कुठे? नागपुरात पावसाचे ढग टिपणारं डॉप्लर रडार आहे, तीन तासांचा अंदाज निघतो, पण रात्री दोन वाजता मोबाइलवरचा मेसेज कोण वाचणार? सांडव्यावर पातळीचा सेन्सर लावा आणि ठरलेल्या पातळीला काठच्या लेआऊटमध्ये भोंगा वाजवा, मध्ये कुणाची परवानगी नको. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचना शहरात दर ४ चौरस किमीला एक स्वयंचलित पर्जन्यमापक मागतात. म्हणजे नागपूरला पन्नासेक हवेत.

घरात मीटर आणि मेन स्विच जमिनीपासून चार-पाच फूट वर घ्या. महावितरणनेही त्या पट्ट्यातला पुरवठा पाणी चढायच्या आत बंद करायला हवा. तळमजल्याला गडरच्या चेंबरमध्ये पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर दारात वाळूच्या गोण्या रचूनही पाणी संडासातून वर येतं. मेच्या शेवटी त्याची झडप काढून धुवावी लागते. त्यात कापड अडकलं तर ती मिटत नाही.

पुलिया_आधी
भोंगा हवाच. पण पैसा एकाच कामाला असेल तर मी आजही अरुंद पुलियेलाच देईन. आणि सरसकट काँक्रीट नको. गुळगुळीत पात्रात वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतो आणि तेच पाणी पूर्व नागपुरातल्या वस्त्यांवर लवकर जाऊन आदळतं. पश्चिमेचा पूर पूर्वेला पाठवणारं काम मला मान्य नाही, म्हणून पुलिया आणि पात्र मोकळं करणं नदीच्या खालच्या टोकाकडून वर यायला हवं.