बर्फावर फिकट निळा टिकत नाही

हिवाळी क्रीडास्पर्धेच्या दृश्य ओळखीसाठी, म्हणजे लोगो, बॅनर आणि नक्षीसाठी, कुणी फिकट निळा आणि पांढरा रंग सुचवलाय. स्क्रीनवर छान दिसेल, पण ढगाळ हवेत बर्फच निळसर-राखाडी होतो आणि फिकट निळा त्यात विरून जातो. मुख्य रंग गडद निळा, लाल किंवा जांभळा धरा. चाचणी सोपी आहे: उताराच्या फोटोत बॅनर बसवा, फोटो कृष्णधवल करा, 200 पिक्सेल रुंदीवर आणा. अक्षरं वाचता आली नाहीत तर रंग बदला.

लोगोपेक्षा नक्षीवर जास्त मेहनत घ्या, हे मात्र आवर्जून सांगतो. ऑलिम्पिकमध्ये मैदानाभोवती जाहिराती चालत नाहीत, त्यामुळे कुंपणाची लांबच लांब पट्टी नक्षीनेच भरायची असते. सोची 2014 हिवाळी ऑलिम्पिकची गोधडीसारखी नक्षी बघा: रशियातल्या 16 पारंपरिक कलांचे तुकडे, कुठेही कापले तरी ओळखू येणारे. कॅमेऱ्यात नेहमी तुकडाच येतो.

बॅनर सलग पीव्हीसीचे (बिनभोकांच्या प्लास्टिकचे) नकोत. थंडीत ताठरतात, घडीवर तडकतात, वाऱ्यात शिडासारखे फुगतात. जाळीदार कापड घ्या. पण भोकांमुळे बारीक रेषा तुटतात आणि रंग उतरल्यासारखा दिसतो, तेव्हा नमुना त्याच कापडावर छापून, लांबून बघूनच पक्का करा.