लसीचा ‘गुण’ आधी कसा सांगायचा?

अर्धविराम: एका मासिकासाठी फ्लूच्या लसीवरचा लेख मराठीत आणतेय. यंदाची लस किती कामाला येईल हे आधी ओळखता येतं का, असा विषय. इंग्रजीत एफिकसी आणि इफेक्टिव्हनेस असे दोन शब्द. पहिला चाचणीतला: निवडलेली माणसं, काटेकोर नोंदी. दुसरा प्रत्यक्ष हिवाळ्यातला, सगळ्या गोंधळासकट. मी पहिल्याला ‘परिणामकारकता’ आणि दुसऱ्याला ‘प्रभावीपणा’ ठेवलं. संपादकांनी दोन्हीकडे ‘प्रभावीपणा’ केलं, वर ‘भाकीत’ खोडून ‘पूर्वानुमान’ लिहिलं. काय करू?

कोकणकडा: पूर्वानुमान हिंदी. आपल्याकडे हवामानाचाही अंदाजच असतो, आणि तो चुकतोही मराठीतच.

तळटीप: हिंदी कसं? पूर्व आणि अनुमान दोन्ही आपण रोज वापरतो. ‘अंदाज’ फारसी आहे, तो बरा चालतो?

कोकणकडा: ती शेकडो वर्षं नांदलेली सून आहे. चालते.

पंचगंगा: आमच्या कोल्हापूरकडं भाकणूक म्हणत्यात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांदेबाबा पाऊसपाण्याची भाकणूक सांगत्यात. तशीच फ्लूची!

अर्धविराम: भाकणूक गोड आहे, पण इथे आधी निवड होते आणि मग वाट बघणं. उत्तर गोलार्धासाठी कुठले विषाणू लसीत घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत ठरवते, कारण लस बनवायला सहाएक महिने जातात. २०१४ साली निवड झाली आणि मार्चअखेरीस एच३एन२ या फ्लूच्या विषाणूचं बदललेलं रूप दिसलं. गाडी सुटली होती. त्या मोसमात अमेरिकेतला इफेक्टिव्हनेसचा आकडा जेमतेम १९ टक्के आला.

तळटीप: इन्फ्लुएन्झा हा इटालियन शब्द मुळात ग्रहताऱ्यांच्या प्रभावावरून आला. म्हणजे तुमचे संपादक नकळत ‘प्रभावाविरुद्धच्या लसीचा प्रभावीपणा’ छापणार. भाकीतच ठेवा, कुंडलीला शोभतं.

ओपीडी: दवाखान्यात लोक विचारतात, “डॉक्टर, गुण येईल ना?” गुण हाच शब्द. एवढी ‘-कारकता’ कशाला?

कोकणकडा: गुण आजार झाल्यावर येतो. आजार झालाच नाही, तर गुण आला हे कळणार कसं?

ओपीडी: तिथेच तर ग्यानबाची मेख आहे! म्हणून ताप-खोकल्याने आलेल्यांची फ्लूची तपासणी करतात आणि पॉझिटिव्ह व निगेटिव्ह निघालेल्यांत लस घेतलेले किती, ते ताडून बघतात. आणि ४० टक्के म्हणजे शंभरातले चाळीस सुरक्षित असं नव्हे. लस न घेतलेल्याला जेवढा धोका, त्यातला ४० टक्के कमी झाला. लोक हमखास चुकतात ते इथे. त्यासाठी आधी शब्द शोधा.

माजघर: आजी सांगायची, देवी टोचल्या की आठवड्याने दंड बघायचे आणि म्हणायचे, “उठली हो.” उठली म्हणजे लागू पडली. फ्लूची लस उठत नाही म्हणून ही सगळी गणितं. बाकी ‘लस’ म्हणजे मुळात जखमेतून येतं ते पाणी. देवीची लस फोडातूनच काढायचे, त्यावरून नाव पडलं असणार.

अर्धविराम: अरे देवा. लेखात फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी आहे. त्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं नव्या विषाणूला ओळखतात का, यावरून जुळणी ठरवतात. पहिल्या मसुद्यात मी त्याला ‘फेरेटची लस’ लिहिलंय.

माजघर: जुन्या मराठीत बरोबरच आहे की!

पंचगंगा: आन् विषाणूच्या स्ट्रेनला काय लिवलंय?

अर्धविराम: वाण. संपादकांनी ‘प्रजाती’ केलं.

ओपीडी: प्रजाती अजिबात नको, ती स्पीशीज. वाण उत्तम. लसीसाठी कोंबडीच्या अंड्यात वाढवताना एच३एन२ कधीकधी अंड्याला सोयीचा होऊन बदलतो. मग लस शरीराला ओळख करून देते एकाची, दारात उभा राहतो दुसराच. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!

तळटीप: म्हणीतला वाण म्हणजे वर्ण, रंग. बियाण्याचा वाण वेगळा. आणि तुमच्या अंड्यात वाणच बदलला, म्हण उलटी पडली.

कोकणकडा: शिवाय ते पवळ्या नाही, पोवळ्या.

पंचगंगा: आमच्यात पवळ्याच. बैल आमच्या गोठ्यात हुता, तुमच्या न्हाई.

अर्धविराम: लेख उद्या सकाळी द्यायचाय हो.

माजघर: पोवळ्याच्या रंगाचा म्हणून पोवळ्या, तांबूस. आमच्याकडे अशी गाय होती, तिला मात्र पवळी म्हणायचे.