मदत हवी आहे: ग्रुपवर काय ठेवायचं, काय काढायचं?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची मी अॅडमिन आहे.

नळाला पाणी किती दिवसांआड येतं, यावर एका काकांनी सणसणीत लिहिलं. लगेच एका कार्यकर्त्याचा फोन: "ताई, ती पोस्ट काढा, नाहीतर अॅडमिनवर केस होईल." मी काढलेली नाही, काढणारही नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल शिक्षा देणारं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलंय. आणि संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय.

भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. याच ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे फॉरवर्ड पुन्हा येतायत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं, त्यांतली बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडची. सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये. असे मेसेज मी काढते, तर लोक म्हणतात, "पाण्याची पोस्ट चालते, मग ही का नाही?"

कुणी ग्रुपसाठी लेखी नियम केलेत का? टीका राहील आणि खातरजमा न केलेली अफवा जाईल, असा मसुदा हवाय. वकील मंडळींनी सांगावं: त्या फोनची लेखी तक्रार करावी का? आणि अफवेचा मेसेज नुसता काढावा, की पोलिसांनाही कळवावा?